मी याला कधी हो म्हटलं होतं?

(26 जानेवारी 2025 रोजी ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षांनी मला सांगितलं, "काका, बँकेवर काहीतरी बोला, पण वीस मिनिटांच्या वर नको, पोहे गार होतात." मी 37 वर्षं बँकेत काढली. बँकेवर वीस मिनिटांत काय काय बोलणार? म्हणून एकच विषय घेतो. क्रेडिट कार्डावर लागलेले नाहक आकार आणि ते परत कसे मागायचे. तुम्ही म्हणाल, असोद्यात बसून क्रेडिट कार्डाचं काय घेऊन बसलात? पण आपल्या सोसायटीत असं घर दाखवा की जिथे एकही कार्ड नाही. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, नातवाला ऑनलाइन काहीतरी मागवायचं असतं. कार्ड घरात आलंय. त्याचं स्टेटमेंट वाचण्याची सवय मात्र अजून आलेली नाही.

आपल्याच सोसायटीतली एक हकीकत सांगतो. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही, बँकेचंही सांगणार नाही. आपण त्यांना ताई म्हणू.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पेन्शन वेळेवर, राहणी साधी. 2022 च्या दिवाळीआधी त्यांना फोन आला की, तुम्हाला कार्ड मंजूर झालंय, आयुष्यभर मोफत, मोबाइलच्या खरेदीवर सूट. नातीला मोबाइल हवाच होता. कार्ड आलं, 11,999 रुपयांचा मोबाइल घेतला, बिल आलं तसं पूर्ण भरलं, आणि कार्ड गोदरेजच्या कपाटात सोन्याच्या पाटल्यांजवळ ठेवून दिलं. त्यानंतर त्या कार्डाला त्यांनी हात लावला नाही.

जुलै 2024 मध्ये नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी ताई सहकर्जदार म्हणून उभ्या राहिल्या. बँकेतल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तुमच्या नावावर थकबाकी दिसते. स्कोअर खाली आलाय. असं कर्ज वरून मंजूर होणार नाही." त्याच आठवड्यात रात्री साडेआठला वसुलीवाल्याचा फोन आला. आवाज चढवून बोलला. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आल्या. हातात कपाटातलं कार्ड. म्हणाल्या, "भाऊ, आयुष्यात कोणाचा रुपया ठेवला नाही. मी काही घेतलंच नाही, मग हे देणं कशाचं?"

मंडळी, आपल्याकडे देणं राहणं ही लाजेची गोष्ट समजतात. ही लाज चांगलीच आहे, तिच्यामुळे आपले व्यवहार सरळ राहिले. पण याच लाजेचा दुसरा परिणाम असा होतो, की माणूस कागद न पाहता पैसे भरून मोकळा होतो. ताईसुद्धा म्हणाल्या, "किती असेल ते भरून टाकते, पण हा डाग पुसा." मी म्हटलं, "ताई, आधी वाचू. भरायचं नंतर बघू."

दहा महिन्यांची स्टेटमेंटं ई-मेलवर पडलेली होती. ई-मेल कोणी उघडत नव्हतं. मोबाइलवर मेसेज येत होते, पण इंग्रजीत, आणि रोज येणाऱ्या दहा जाहिरातींच्या गर्दीत. नातीला बसवलं, सगळं छापून घेतलं, आणि मी जुन्या सवयीप्रमाणे कोऱ्या कागदावर चार रकाने पाडले. हिशेब असा निघाला:

वार्षिक शुल्क 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 588 रुपये 82 पैसे.

'संरक्षण योजना' नावाचा विम्याचा हप्ता, महिना 149 रुपये अधिक जीएसटी, असे दहा महिने. 1,758 रुपये 20 पैसे.

विलंब शुल्क 500 रुपये अधिक जीएसटी, असं आठ वेळा. 4,720 रुपये.

व्याज आणि व्याजावरचा जीएसटी, 1,118 रुपये 98 पैसे.

एकूण बरोब्बर 8,186 रुपये. यात ताईंनी विकत घेतलेली एक पैशाची वस्तू नाही. शुल्क लागलं, ते भरलं नाही म्हणून दंड लागला, दंडावर व्याज चढलं, आणि सगळ्यावर जीएसटी. बांधावरचं गवत शेतात शिरतं तसं शिरत गेलं.

आता मला इथे थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण ते सांगितल्याशिवाय हा विषय खरा होणार नाही.

मी खेड्यातल्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. पीककर्जाच्या खात्याला आम्ही पाहणी शुल्क लावायचो. नियम असा की अधिकाऱ्याने शेतावर जाऊन पीक पाहायचं. कामाच्या रेट्यात जाणं व्हायचं नाही, पण शुल्क मात्र वेळेवर नावे पडायचं. एक शेतकरी पासबुक घेऊन काउंटरला आला. म्हणाला, "सायेब, पाह्याले कोनी आलंच नाही, मंग पैसे कायचे?" मी मान वर न करता म्हटलं, "नियम आहे." तो दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. रक्कम पंधरा-वीस रुपयांची असेल. नियम मला पाठ होता. पण नियमाचा अर्थ त्यालाच कळला होता, की पाहणी झाली तर पाहणीचं शुल्क. मला आज त्याचं नाव आठवत नाही, तो उभा राहिलेला आठवतो.

म्हणून ताईंचे ते चार रकाने पाहताना मी वसुलीवाल्यावर फार चिडलो नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस कसा विचार करतो ते मला माहीत आहे. तो दुष्ट नसतो. कोणी विचारत नाही तोवर तो विचार करत नाही. विचारणं हे आपलं काम आहे.

आता मुद्द्यावर येतो. विचारायचं काय?

पुष्कळ लोक व्याजाच्या दरावर भांडायला जातात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला 51 टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर आदर्श उपविधींप्रमाणे सरळ व्याज लागतं आणि तेही वर्षाला 21 टक्क्यांच्या वर नाही. तरी वार्षिक सभेत केवढा गोंधळ होतो! आपल्या जुन्या लोकांमध्ये दामदुप्पट म्हणून नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबई इलाख्यात कोर्टंसुद्धा तो पाळत. आजच्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यातही सावकाराला तीच मर्यादा आहे. पण बँक सावकारी कायद्यात येत नाही.

यावर देशात मोठा दावा झाला. 'आवाज' नावाच्या ग्राहक संस्थेने तो लढवला. 7 जुलै 2008 रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिला, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षं प्रकरण चाललं. आणि मागच्याच महिन्यात, 20 डिसेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की दर किती असावा हा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतला आहे. दर आणि अटी कार्ड घेताना ग्राहकाला सांगितलेल्या असतात, त्याने त्या मान्य केलेल्या असतात, आणि तो करार आयोगाने बदलायचा नाही.

पेपरात ही बातमी वाचून आपल्या कट्ट्यावर दोघे-तिघे म्हणाले, "झालं, आता बँकांना रान मोकळं." मला तसं वाटत नाही. हा निकाल उलट्या बाजूने वाचा. तुम्ही ज्याला हो म्हटलं ते तुम्हाला बांधील आहे, हे खरं. मग ज्याला तुम्ही हो म्हटलंच नाही, त्याचं काय? ते बांधील कसं? आपली सगळी ताकद या प्रश्नात आहे. दराशी भांडू नका, ते भांडण सोळा वर्षं चालून संपलं. स्टेटमेंटची एकेक ओळ घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, मी याला कधी हो म्हटलं होतं?

दराच्या बाबतीत एकच शहाणपण आहे, ते म्हणजे त्याच्या तावडीत सापडायचं नाही. बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते. समजा 20,000 रुपयांचं बिल आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 1,000 रुपये. तुम्ही हजार भरलेत आणि निश्चिंत झालात. महिन्याचं व्याज साडेतीन टक्क्यांनी 700 रुपये, त्यावर जीएसटी 126, झाले 826. तुमच्या हजारातले मुद्दलात गेले फक्त 174 रुपये. बिल भरायचं तर पूर्ण भरा. जमत नसेल तर कार्ड वापरू नका. हे झालं आपल्या चुकीचं. आता बँकेच्या चुकीचं बघू.

रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल निर्देश काढले. ते 1 जुलै 2022 पासून लागू झाले. भाषा सरकारी आहे, मी आपल्या भाषेत सांगतो. तरुण मंडळींनी मोबाइलवर टिपून घ्या.

एक. कार्ड देताना जो आकार स्पष्ट सांगितला नाही आणि ज्याला ग्राहकाची स्पष्ट संमती घेतली नाही, तो लावता येत नाही. सरकारी कर तेवढा वेगळा.

दोन. आकारात बदल करायचा असेल तर निदान एक महिना आधी कळवावं लागतं.

तीन. न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून वर आकार लावला, तर तो लगेच उलटवावा लागतो आणि त्याच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यावी लागते.

चार. विलंब शुल्क देय तारखेनंतर तीन दिवस उलटून गेले तरच, आणि तेही उरलेल्या बाकीवर, पूर्ण बिलावर नाही.

पाच. न भरलेली शुल्कं, आकार, कर हे मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही.

सहा. चुकीचं बिल आल्याची तक्रार केली तर तीस दिवसांच्या आत बँकेने कागदोपत्री पुराव्यासह खुलासा द्यायचा असतो.

सात. बाकी काही नसेल आणि कार्ड बंद करा असं सांगितलं, तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं. पुढे उशीर झाला तर दर दिवशी 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे.

आणि वसुलीबद्दलचा नियम वेगळा आहे, ऑगस्ट 2022 चा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. ताईंना साडेआठला आलेला फोन नियमाच्या बाहेरचा होता. तारीख, वेळ, नंबर लगेच लिहून ठेवला.

आता हे नियम ताईंच्या चार रकान्यांना लावून पाहा. विम्याचा हप्ता, संमती कुठे आहे? दाखवा. विलंब शुल्क, कोणत्या बाकीवर? त्या बाकीत विम्याचा हप्ताच तर आहे. व्याज, शुल्कावर? ते मुळात चढवताच येत नाही. राहिलं वार्षिक शुल्क. त्याकडे नंतर येतो.

आम्ही पत्र लिहिलं. फोन नाही केला, पत्र लिहिलं. फोनवर समोरचा गोड बोलतो, "मॅडम, नोंद घेतली" म्हणतो, आणि हातात काही राहत नाही. मंडळी, आपलं असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं, म्हणून ते आज शाळेच्या पुस्तकात आहे. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं. तक्रारीचंही तसंच आहे.

पत्र एका पानाचं. शिव्या नाहीत, रडगाणं नाही, "मी ज्येष्ठ नागरिक असून" वगैरे काही नाही. चार मागण्या होत्या. पहिली, कार्डाच्या अर्जाची आणि त्यासोबतच्या अटींची प्रत द्या. दुसरी, विमा योजनेला मी संमती दिल्याचा पुरावा द्या: तारीख, ओटीपी किंवा फोनचं रेकॉर्डिंग. तिसरी, प्रत्येक विलंब शुल्क कोणत्या बाकीवर आणि किती दिवसांच्या उशिरासाठी लावलं ते महिनावार सांगा. चौथी, शुल्कावर व्याज कोणत्या नियमाने लावलं ते सांगा. शेवटी एक ओळ: खुलासा होईपर्यंत ही रक्कम मला मान्य नाही, ती वादातील म्हणून नोंदवावी. बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ई-मेल केलं, तक्रार क्रमांक घेतला, आणि तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पोचपावती वहीला लावली.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. फार गोड उत्तर होतं. आपण आमच्या मौल्यवान ग्राहक आहात, सद्भावनेपोटी आम्ही विलंब शुल्कापैकी निम्मं, म्हणजे 2,360 रुपये माफ करतो, उरलेले 5,826 रुपये सात दिवसांत भरावेत.

ताई खूश झाल्या. म्हणाल्या, "भाऊ, भरून टाकू, नातीचं ॲडमिशन आहे." खरं सांगतो, मलाही मोह झाला. दोनअडीच हजार सुटले, कोण पुढे चकरा मारणार? पण मी पत्र परत वाचलं. चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. अर्जाची प्रत नाही, संमतीचा पुरावा नाही. जे देणं लागतच नाही, त्यातलं निम्मं सोडलं तर ती सूट कसली? आणि ते पैसे भरले असते तर उरलेलं देणं मान्य केल्यासारखं झालं असतं, स्कोअर तसाच राहिला असता. ताईंनी रात्रभर विचार केला. सकाळी येऊन म्हणाल्या, "मी मुलांना चुकीचं गणित कधी बरोबर दिलं नाही. हे का देऊ?"

कॉलेजची पहिली फी त्यांनी मुदत ठेव मोडून भरली. आणि आम्ही पुढे गेलो.

पुढे म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभर एकच एकात्मिक योजना आहे. वकील लागत नाही, एक पैसा फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं; 2021 च्या योजनेत त्यासाठी तिथून एक वर्षाची मुदत होती. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते, किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टानेही पाठवता येते. 14448 या नंबरवर माहिती मिळते. एक लक्षात घ्या, गावातल्या पतसंस्था या योजनेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं. आपल्या जळगाव जिल्ह्याला पतसंस्थांचा अनुभव काही नवा नाही. त्या वेळीही ज्यांच्याकडे पावत्या होत्या, त्यांनाच निदान दावा तरी मांडता आला.

लोकपालाकडे नको असेल तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, स्वतः बाजू मांडता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. हा कायदा काही आभाळातून पडला नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, मुंबईत 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत आहे. अशा लोकांनी ग्राहकाचा प्रश्न लावून धरला आणि 1986 मध्ये देशाला पहिला ग्राहक कायदा मिळाला. त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. मग आपणच का मागे राहायचं?

आम्ही सप्टेंबरमध्ये लोकपालाकडे तक्रार केली. कागद सगळे तयार होते, नातीने तासाभरात पोर्टलवर चढवले. दिवाळी झाल्यावर बँकेचं पत्र आलं. विम्याच्या संमतीचं रेकॉर्ड उपलब्ध नाही. विमा हप्ते, विलंब शुल्क आणि व्याज, मिळून 7,597 रुपये 18 पैसे उलटवत आहोत. क्रेडिट माहिती कंपन्यांना दुरुस्ती कळवत आहोत.

राहिले 588 रुपये 82 पैसे. वार्षिक शुल्क. ताई म्हणाल्या, "फोनवर आयुष्यभर मोफत सांगितलं होतं, तेही सोडायचं नाही." पण अर्जाची प्रत आली होती, आणि तिच्यावर ताईंची सही होती. त्यात छापलं होतं, पहिलं वर्ष मोफत, नंतर 499 रुपये अधिक कर. मी म्हटलं, "ताई, याला तुम्ही हो म्हटलंय." त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग चेकबुक काढलं आणि 588 रुपये 82 पैशांचा चेक स्वतःच्या हाताने लिहिला, पैशांसकट. सोबत कार्ड बंद करण्याचं पत्र. जो प्रश्न आपण बँकेला विचारतो तोच स्वतःला विचारायची तयारी पाहिजे. तसं केलं की आपल्या बाकीच्या मागणीला वजन येतं.

माझी एक चूकही सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मुदत ठेव मुदतीआधी मोडल्यामुळे ताईंचं व्याज बुडालं. मनस्ताप झाला तो वेगळा. लोकपालाच्या 2021 च्या योजनेत झालेल्या नुकसानीची भरपाई वीस लाखांपर्यंत आणि मनस्तापासाठी एक लाखापर्यंत मागता येत होती. मी आकार उलटवण्याच्या नादात ते कलम लिहायचं विसरलो. 37 वर्षं बँकेत काढलेला माणूस! बँक परत काय करते तेवढंच माझ्या डोक्यात, माणसाचं काय गेलं ते डोक्यातच आलं नाही. जुनी सवय. ताई काही बोलल्या नाहीत, पण मला लागून राहिलं आहे. तक्रार लिहिताना आपलं प्रत्यक्ष काय नुकसान झालं ते आकड्यांत लिहा. न मागितलेलं कोणी देत नाही.

स्कोअरचंही सांगून टाकतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घरातल्या प्रत्येकाने तो मागवा, मुलांच्या कर्जाची वेळ यायच्या आधी. चूक दिसली तर लेखी कळवा. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दर दिवशी 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल 2024 पासून आहे.

आणि एक धोक्याची सूचना. "कार्डाचे पैसे परत करून देतो, ओटीपी सांगा" असे फोन येतात. पैसे परत मिळवायला ओटीपी कधीच लागत नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरा, गुगलवर सापडलेला नाही. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. तिथे तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो.

आता शेवटचं. या सोसायटीची नोंदणी झाली त्याला यंदा पंचवीस वर्षं होत आहेत. सुरुवातीला आपल्याकडे पाण्याची टाकी नव्हती, रस्ता नव्हता, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती. दर वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद प्रत्येकाच्या हातात पडायचा आणि कोणीतरी उठून विचारायचंच, "हे साडेतीनशे रुपये कशाचे?" सेक्रेटरी वैतागायचे. मीही एकदा सेक्रेटरी होतो, मीही वैतागलो आहे. पण त्या विचारण्यामुळेच आपली सोसायटी टिकली. घरातल्या साडेतीनशे रुपयांना विचारता, मग कार्डावरच्या साडेतीनशेला का नाही विचारत?

माझ्याकडून रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून एवढंच सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. स्टेटमेंट छापून आणा, सोबत कोरा कागद आणा. ओटीपी, पिन मला सांगू नका, मी विचारणारही नाही. पहिल्या महिन्यापासून ताईही येणार आहेत. रकाने पाडायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आहे. त्यांचं म्हणणं, माझं अक्षर वाईट आहे.

त्या शेतकऱ्याला मी उत्तर दिलं नाही. तुमच्यातला जो कोणी येऊन विचारेल, "भाऊ, हे कशाचं?" त्याच्या वेळी मी मान वर करून बघेन, एवढं नक्की.

पोहे गार होण्याच्या आत थांबतो.